सात नंबरचं पाणी

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या नोंदणी कारकुनाला सगळे गायबराव म्हणत. बोलता बोलता माणूस खुर्चीतून उठायचा आणि नाहीसा व्हायचा. कुणी म्हणे कामचुकार, कुणी म्हणे बाहेर लफडं आहे. खरं एवढंच, की चार वर्षांपासून त्यांच्या आतड्याला सूज होती, आणि आतडं काही ऑफिसच्या वेळा पाळत नाही. पण सांगायचं कुणाला? बायको गेलेली, मुलगी लांब. ऑफिसात सांगावं तर चारचौघांत शोभा. त्यापेक्षा लफडं बरं, निदान इज्जत तरी राहते!

या महिन्यात डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला एक पूड दिली. "यात चांगले जंतू असतात. काहींना फायदा होतो, काहींना नाही. करून बघू. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

सोमवारी गायबराव घरून बाटली आणायला विसरले. मग नमुन्याची एक कोरी बाटली घेऊन तीत पाणी भरून पूड कालवली आणि तोंडाला लावणार, तोच पोटात कळ आली. बाटली टेबलावर ठेवून गायबराव गायब.

परत येतात तर बाटली नाही!

"सात नंबर वॉर्डाचीच ना?" शेजारच्या तपासनीस बाई म्हणाल्या. "चिठ्ठी लावायला विसरलात, मी लावून आत दिली. आभार नंतर माना."

गायबरावांनी लगेच आभार मानले.

तिसऱ्या दिवशी बाई ओरडतच बाहेर आल्या. "अहो, जंतू मोजता मोजता डोळे गेले माझे! हे काय पाणी म्हणायचं?" साहेबांनी तडकाफडकी सात नंबरचा पुरवठा तोडला. आणि गायबराव राहायला कुठे? सात नंबरात. असलं पोट, त्यात संडासाला पाणी नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. तरी ते गप्प राहिले. संध्याकाळी शेजारच्या आजी टँकरची बादली घेऊन जिन्यात मटकन खाली बसल्या, तेव्हा मात्र त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी साहेब पाइपाची गळती शोधायला रस्ता खोदायच्या हुकमावर सही करत होते.

"साहेब, खोदू नका. ते पाणी नव्हतं, माझं औषध होतं."

"औषधात जंतू?" बाई फिस्सकन हसल्या.

गायबरावांनी सगळं सांगितलं, संडासाच्या खेपांसकट. शेवटी म्हणाले, "चार वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय. तेही चारचौघांत!"

साहेबांनी फोन करून पाणी सोडायला सांगितलं, सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दाराला कडी घातली. गायबराव मनातल्या मनात राजीनामा लिहू लागले.

"गुण येतो का हो त्या पुडीने?" साहेबांनी हळूच विचारलं.

"अजून सांगता येत नाही. पण साहेब, तुम्हाला कशाला?"

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "नऊ वर्षं झाली. बायकोला ॲसिडिटी म्हणून सांगितलंय."

मग दोघं जे बोलत बसले ते बोलतच बसले. कळा, रक्त, कुठेही गेलं की आधी संडास कुठे आहे ते हेरून ठेवणं, सगळं निघालं. तासाभराने गायबराव डोळे पुसत बाहेर आले. बाईंचा जीव कळवळला.

"फार झापलं का हो?"

"उद्या परत बोलावलंय," गायबराव म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना.