हरभऱ्याएवढं शहाणपण

नानांचे कान छापखान्यात गेले. छत्तीस वर्षं मशीनजवळ उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? म्हणून लेकीनं त्यांना हरभऱ्याएवढं यंत्र आणून दिलं. हे नुसतं ऐकवत नाही, शिकतंसुद्धा, असं ती म्हणाली. एखादा आवाज नको असेल तर बटण दाबायचं. तीनदा दाबलं की यंत्र तो कायमचा गाळून टाकतं. पुढे असली यंत्रं मोहरीएवढी होतील आणि माणसाच्या मनातलं आधीच ओळखतील, असंही ती म्हणाली. नानांना हे पुष्कळ झालं.

त्यांनी मिक्सर गाळला, शेजाऱ्याचं ड्रिल गाळलं. मग एका सकाळी गळक्या नळावरून बायको सुरू झाली आणि त्यांचा हात सहज कानाकडे गेला. दुपारी गेला. संध्याकाळीही गेला.

पुढचे दोन महिने संसार कधी नव्हे इतका सुखात चालला. बायकोचे ओठ हलताना दिसले, की नाना मान डोलवत. ती सवय जुनीच होती. वयानं ही शांत झाली, असं ते शेजाऱ्याला सांगत. यंत्र बसवल्यापासून हे उलटून बोलत नाहीत, असं ती लेकीला सांगे. दोघांनाही यंत्राचं भारी कौतुक.

आणि एक दिवस ती बाथरूममध्ये घसरून पडली. पाऊण तास हाका मारत होती. नाना बाहेर शब्दकोडं सोडवत बसले होते. खिडकीतल्या कबुतराचं घुमणं त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं. भिंतीपलीकडून शेजारी धावत आला, तेव्हा कुठे त्यांना कळलं.

खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वर छाती भरली आणि घशात नळी घालावी लागली. यंत्र काढावं तर नानांना काहीच ऐकू येत नसे. बायकोचा गाळलेला आवाज परत आणता येतो का, हे विचारायला ते यंत्राच्या दुकानात गेले.

"बाईंना नेहमीच्या आवाजात दहा मिनिटं बोलायला सांगा," कारागीर म्हणाला. "यंत्र पुन्हा शिकेल."

"आणि बोलताच येत नसेल तर?"

कारागिरानं यंत्र पुसून, डबीत घालून परत दिलं.

नळी निघेल, पण पूर्वीचा आवाज बहुधा परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नानांनी तो आवाज मनात आठवून पाहिला. बेचाळीस वर्षं ऐकलेला, नेमका आठवेना. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

नळी काढल्यावर ते खाटेजवळ जाऊन बसले.

"तुझा आवाज मीच बंद केला होता," ते म्हणाले. "बटण दाबून."

"वाटलंच मला," कुणीतरी घोगऱ्या, चिरक्या आवाजात म्हणालं.

नानांनी मागे वळून पाहिलं. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. यंत्राच्या लेखी ही बाई नवीन होती, त्यानं तिला बिनतक्रार आत सोडलं होतं.

"नळाचा वायसर बदललात?" ती दम खात म्हणाली. "नसेलच बदलला. दूधवाल्याला सांगायचं होतं, तेही..."

नानांचा हात सवयीनं कानाकडे निघाला. अर्ध्या वाटेवर त्यांना तो दिसला. त्यांनी तो खाली आणला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

"आणखी काय काय राहिलंय?" त्यांनी विचारलं.