काहिलीची हमी

माणसानं माणसावर विश्वास ठेवावा हे चांगलंच. फक्त तो कागदावर नसला तर कायद्याला दिसत नाही. कोडोलीच्या जोतीरामला हे पन्नाशीत, एकोणऐंशी सालच्या श्रावणात कळलं. त्याच्या गुऱ्हाळाची काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची ती अवाढव्य कढई, बुडाला फुटली होती. कोल्हापूरच्या शमशुद्दीन कारागिरानं नवी काहील दसऱ्याला द्यायची, असा सौदा ठरला. पाच एकर ऊस त्या काहिलीच्या भरवशावर शेतात उभा होता.

आठवड्यात बातमी आली, शमशुद्दीननं मलकापूरच्या एका पावण्याला चहा पाजला. (सोबत बिस्किटंही होती.) काहील मलकापूरला चालली, या विचारानं जोतीरामचं अन्न गोड लागेना.

"त्याला काम करू द्या की," बायडाबाई म्हणाली. पण बायकोला करारातलं काय कळणार, म्हणून तो वकिलाकडं गेला. वाजवी शंका आल्यास लेखी हमी मागण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे, असं वकील म्हणाले. चहा पाहता शंका वाजवीच होती.

सबब शमशुद्दीन हातोडा ठेवून कोर्टाच्या आवारात आला. साध्या कागदावरची हमी कच्ची ठरली, म्हणून ती स्टँपपेपरवर झाली. स्टँपपेपरला दोन जामीन लागले. जामिनांची खात्री काय, म्हणून एकानं बेलभंडारा उचलला, दुसऱ्यानं पिराला हात लावला. शिवाय दर सोमवारी 'हमी अद्याप कायम' अशी सही. दसऱ्यापर्यंतच्या एकेचाळीस दिवसांपैकी एकोणीस हमी देण्यात, अकरा जामीन शोधण्यात आणि सात जोतीरामची समजूत काढण्यात गेले. उरलेले चार दिवस मात्र कारागिरानं नुसत्या कामात घालवले.

दसऱ्याला जोतीराम ट्रॅक्टर घेऊन हजर. काहिलीचा काठ तयार होता.

"बूड कुठं हाय?"

शमशुद्दीननं हमीपत्रांचा गठ्ठा पुढं केला. "ह्यात गेलं की, दादा."

"आणि मलकापूरचा पावणा?"

"त्यो? आमच्या मलिकाला सून करून घ्यायला आलता. चहा न्हाय पाजायचा व्हय?"

जोतीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वकिलांनी धीर दिला, की एवढी भक्कम हमी जिल्ह्यात दुसरी नाही. तोवर उसाला तुरे येऊन रसातली साखर उतरू लागली होती.

तुम्ही हसताय. दिवाळीचे कपडे नक्की होणार ना, हे विचारायला या आठवड्यात तुम्ही चौथ्यांदा शिंप्याकडं गेला होता. तुमची खात्री पटेपर्यंत तो मशीन थांबवून तुमच्याशी बोलत होता.