शिरक्याचं बीजिंगदर्शन

हॉटेलातल्या सामान ठेवून घेणाऱ्या मुलीने तीन बॅगा आत ढकलल्या, चौथी कापडी पिशवी उघडून पाहिली आणि परत टेबलावर ठेवली.

"काचेची बाटली चालत नाही, काका. त्यात पातळ पदार्थ असला तर मुळीच नाही."

"पातळ पदार्थ नाही, शिरका आहे," फान योउथ्यान म्हणाले.

"शिरका पातळच असतो ना?"

"आमचा नसतो."

मुलीला हे पटलं नाही, म्हणून फान, त्यांची बायको रुनश्यांग, मुलगा पेईलिन आणि बाटली असे चौघे सकाळी साडेआठला बीजिंग पाहायला निघाले. बाहेर चौतीस अंश होते. दुपारी एकोणचाळीस होणार असं पेईलिनच्या फोनवर आलं होतं, आणि फोन या बाबतीत शब्दाचा पक्का होता.

फान शान्शी प्रांतातले. एकेचाळीस वर्षं त्यांनी ज्वारीचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, करण्यात घालवली होती. बाटलीतला शिरका नऊ वर्षांचा होता, पेईलिन बीजिंगला शिकायला आला त्या साली गच्चीवरच्या रांजणात घातलेला. उन्हाळाभर त्याला ऊन द्यायचं, हिवाळ्यात वर धरलेला बर्फ काढून फेकायचा. असं करत करत रांजण दरवर्षी थोडा रिकामा आणि थोडा शहाणा होत जातो. नऊ वर्षांनी तळाशी उरलं ते या एका बाटलीत आलं होतं.

आणि ती बाटली संध्याकाळी साडेपाचला थोंग साहेबांसमोर ठेवायची होती. थोंग म्हणजे पेईलिनला ज्या यानशी लग्न करायचं होतं तिचे वडील. एका सरकारी खानावळीत एकतीस वर्षं मुख्य आचारी. यानसाठी आधी आलेला एक मुलगा त्यांनी, तो भातावर साखर घेतो एवढ्यावरून नापास केला होता. पेईलिनने लग्नाचा विषय काढला तेव्हा घाबरून तो भलतंच बोलून गेला होता, "माझ्या बाबांचा शिरका एकदा चाखून तर बघा." थोंग म्हणाले होते, "आणा. चाखू. मग बोलू."

तेव्हा लग्नाचं सगळं बोलणं त्या 'मग'च्या पलीकडे अडकलं होतं.

मेट्रोच्या दारात पिशवी तपासणीच्या पट्ट्यावरून गेली आणि तिथल्या मुलीने बाटली उचलली.

"हे काय आहे? एक घोट प्या."

बीजिंगमध्ये बाटली घेऊन फिरणाऱ्याने ती आधी स्वतः पिऊन दाखवायची असते. आपलं आपण पिऊन जो मरत नाही, तो बहुतेक दुसऱ्यालाही मारणार नाही. फान खूश झाले. एकेचाळीस वर्षांत सरकारने त्यांना शिरका प्यायचा आग्रह प्रथमच केला होता. त्यांनी लाल दोरी सोडली, बूच काढलं, डोळे मिटून घोट घेतला आणि जीभ टाळ्याला लावून 'टक्' असा आवाज केला.

"तुम्हीही घ्या."

"मी ड्यूटीवर आहे, काका."

पुढे मोठ्या चौकात शिरताना पुन्हा तपासणी. "घोट घ्या."

"आत्ताच मेट्रोत घेतला."

"तो मेट्रोचा. हा चौकाचा."

राजवाड्याच्या दारात फान नुसते ओठ ओले करून निसटायला बघत होते. तिथला पोरगा म्हणाला, "काका, घोट म्हणजे घोट. गळा हलला पाहिजे."

गळा हलला.

राजवाड्यात दगडी फरशी खालून भाजत होती आणि सूर्य वरून. मुख्य सिंहासन पाहायला शेदीडशे माणसं फोन उंच धरून उभी होती. फानना सिंहासन दिसलं ते समोरच्या बाईच्या फोनमध्ये, सुपारीएवढं.

"अहो, किती खोल्या म्हणे इथे?" रुनश्यांगने विचारलं.

"नऊ हजारांच्या वर म्हणतात, आई," पेईलिन म्हणाला.

"एवढ्या खोल्या बांधल्या आणि एक झाड लावायला हात मोडले होते का?"

"आई, मारेकरी लपतील म्हणून झाडं लावत नसत, असं सांगतात."

"या उन्हात मारेकरी कशाला लागतो?"

फान सावली शोधत होते. सकाळच्या एका वाफवलेल्या पावावर त्यांनी नऊ वर्षांच्या शिरक्याचे तीन घोट घेतले होते. नऊ उन्हाळे आता पोटात एकदम जागे झाले होते. "आपण कुठेतरी बसू या का?" ते म्हणाले. "दुसरं काही बघायलाच हवं का?"

"बाबा, स्वर्गमंदिराचं बुकिंग आठवड्यापूर्वी केलंय. तिघांच्या ओळखपत्रांवर. वेळ बदलत नाही."

"स्वर्गात जायला बुकिंग!" रुनश्यांग म्हणाली. "आणि त्यातही मुलाने करून द्यायचं."

स्वर्गमंदिराकडे जाताना मेट्रोच्या दारात बाटली पुन्हा बाहेर निघाली. फाननी बायकोकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्या नजरेचा अर्थ तिला चांगला ठाऊक होता.

"द्या इकडे. जन्मभर अंगाला वास आला, आता तो पोटातही जाऊ दे." तिने घोट घेतला, तिचा एक डोळा आपोआप मिटला आणि दोन स्टेशनं उघडला नाही.

पण खरा घात पट्ट्यावर झाला होता. तपासून झालेली बाटली पिशवीत जाऊन पट्ट्याच्या टोकाला पडली होती, तिच्यावर मागून कुणाची तरी चाकाची बॅग येऊन आदळली आणि बूच उडालं. फाननी झडप घातली तोवर नऊ वर्षांचा शिरका पिशवीतून ठिबकत होता. त्यांनी बाटली उभी केली. निम्म्याहून कमी.

डब्यात चढल्यावर त्या पिशवीचा वास पसरला. आधी लोकांनी नाकं मुरडली. मग एक म्हातारा शेजारणीला म्हणाला, "आज शिरक्यात बुडवायला डंपलिंग करू या का?" पुढच्या स्टेशनवर चार माणसं, त्यांचा बेत नसताना, जेवायला उतरली.

स्वर्गमंदिराच्या दारात घोट पेईलिनने घेतला. संगणकावर काम करणारं पोर ते, त्याला ठसका लागला. त्यात दुसरा घोट वाया गेला. मंदिर गोल आणि निळं होतं. तिघांनी ते जवळच्या बाकावरून पाहिलं. उठून आणखी जवळ जायचा विषय कुणी काढला नाही. फाननी बाटली उन्हाला धरून बोटं लावली.

"चार बोटं," ते म्हणाले.

"थोंग साहेबांना चव तर बघायची आहे," पेईलिन म्हणाला. "चार बोटं पुरतील की."

"पहिल्यांदा व्याह्यांकडे जायचं आणि उष्टी बाटली न्यायची? त्यापेक्षा मी राजवाड्यात परत जातो, उन्हात उभा राहतो."

तीन वाजता यान त्यांना एका डंपलिंगच्या दुकानात भेटली. हातात छत्री, गळ्यात छोटा पंखा. "काकू, चेहरे काय झालेत तुमचे! कसं वाटलं बीजिंग?"

"आंबट," रुनश्यांग म्हणाली.

दुकान थंडगार होतं. चार बोटांची हकीकत ऐकून यानने गळ्यातला पंखा बंद केला. मग म्हणाली, "बाबा आठ दिवस त्याच बाटलीबद्दल बोलतायत. बशासुद्धा नवीन आणल्यात."

यानंतरच्या पाऊण तासात जे घडलं ते प्रत्येकाने एकट्याने आणि फक्त भल्यासाठी केलं.

बाकीचे तिघं काउंटरवर पदार्थ निवडायला गेले तेव्हा फान बाटलीजवळ एकटे होते. टेबलावर दुकानाच्या शिरक्याचा चंबू होता. फाननी त्याचा वास घेतला आणि मान फिरवली. मग छताकडे पाहिलं, जणू वातानुकूलन यंत्रामागे वाडवडील बसलेत, आणि चंबू बाटलीत रिकामा केला.

थोड्या वेळाने पोटाने हाक दिली, ते आत गेले. रुनश्यांगने पेईलिनला कागदी रुमाल आणायला पिटाळलं, यानला पंखा कुठून घेतला ते दाखव म्हणून दारापर्यंत पाठवलं, आणि आपल्या पेल्यातलं आंबट आलुबुखाऱ्याचं सरबत बाटलीत ओतलं. रंग तोच होता, आणि आंबटही होतंच. आणखी काय हवं?

मग "काकू, तुम्ही तोंड धुऊन या, पिशवी मी सांभाळते" असं म्हणत यानने पिशवी मांडीवर घेतली. ती ऑर्डरचं विचारायला उठली तेव्हा पाळी पेईलिनची आली. त्याला शिरक्यातलं काही कळत नव्हतं. काळं आणि पातळ एवढी दोनच लक्षणं त्याला माहीत होती, आणि ती दोन्ही समोरच्या कोलाच्या पेल्यात होती. बाटली त्याला वाटली होती तितकी रिकामी नव्हती. उन्हाने नजर गेली असेल, असं मनाशी म्हणून त्याने ओतलं.

निघताना फाननी पिशवीत डोकावलं. शिरका बाटलीच्या गळ्यापर्यंत आला होता.

"हे... वाढलंय?"

"उन्हाने सगळंच फुगतं," रुनश्यांग घाईने म्हणाली.

"काचेत तसं होतं, बाबा," पेईलिन त्याहून घाईने म्हणाला.

शेवटच्या मेट्रोच्या दारात तपासणीवाली म्हणाली, "कुणीतरी घोट घ्या." दिवसभर ज्या बाटलीपासून सगळे पळत होते, तिच्यावर एकदम चार हात पडले.

"मी पितो!"

"तुला ठसका लागतो. मी पिते!"

"काकू, मी पिते ना, मी अजून प्यायलेच नाही!"

"माझा शिरका आहे," फान म्हणाले आणि त्यांनी गळा हलवला.

एकेचाळीस वर्षांची जीभ होती ती. पहिल्यांदा तिला स्वतःचा रांजण लागला, मग स्वतःचं पाप. मग भलतंच गोड काहीतरी. मग नाकात झिणझिण्या. त्यापुढे काय होतं ते जिभेने सांगायचं नाकारलं. फाननी बायकोकडे पाहिलं, ती मेट्रोचा नकाशा वाचत होती. मुलाकडे पाहिलं, तोही नकाशाच वाचत होता. यान त्यांना नकाशा समजावून सांगत होती.

"काका, बरं वाटतंय ना?" तपासणीवालीने विचारलं.

"स्फोटक नाही," फान म्हणाले.

एका आचाऱ्याच्या पुढ्यात हे ठेवायचं नाही, हे त्यांनी डब्यातच ठरवलं. उतरायच्या स्टेशनवर त्यांनी पिशवी पायाने हळूच सीटखाली सरकवली आणि हात हलवत उतरले. रिकाम्या हाताने जाणं म्हणजे अपमान खरा, पण हरवलं म्हटलं की माणसं कीव करतात. ते अर्धा जिना चढले असतील, तोच मागून धापा आल्या.

"काका! अहो काका! पिशवी विसरलात!"

एक शाळकरी मुलगी धावत वर आली होती. तिचे केस कपाळाला चिकटले होते. तिची गाडी गेली होती. फाननी दोन्ही हातांनी पिशवी घेतली, तिचे तीनदा आभार मानले, आणि तिचं भलं होवो हे म्हणताना त्यांच्या घशाशी आलं.

थोंग साहेबांच्या घरी टेबलावर वाफाळते डंपलिंग आणि सहा नवीन बशा तयार होत्या. थोंग म्हणजे ऐसपैस माणूस. त्यांनी पाहुण्यांना बसवलं, प्रवासाचं विचारलं, उत्तर ऐकलं नाही, आणि बाटली हातात घेतली. बुचाला त्यांनी नुसता अंगठा लावला. बूच 'फट्ट' करून छताला लागलं. बाटलीच्या तोंडावर तपकिरी फेस आला.

"जिवंत आहे," थोंग हळूच म्हणाले.

त्यांनी बशीत ओतलं, डंपलिंग बुडवलं, चावलं. चावणं थांबलं. दुसरं बुडवलं. पेईलिन टेबलाखाली आईचा हात धरून बसला होता, सत्तावीस वर्षांचा घोडा. थोंगनी तिसरं बुडवलं.

"फान, खरं सांगा. काय आहे यात?"

फानना खोटं बोलता येत नव्हतं. सगळं खरं बोलण्याचं त्राणही उरलं नव्हतं.

"ज्वारी."

"ती कळली. आणखी?"

"ऊन. पुष्कळ."

"आणखी?"

"घरातल्या सगळ्यांचा हात लागलाय त्याला."

थोंगनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "एकतीस वर्षं खानावळीत काढली. आंबट तर कुणीही करेल हो. पण याला मागून गोडी आहे, मग ती जिभेला चावते, आणि मग..." त्यांनी बायकोला हाक मारली, "अगं, कॅलेंडर आण."

लग्न ऑक्टोबरच्या सुट्टीत ठरलं. अठ्ठावीस टेबलं. प्रत्येक टेबलावर फानच्या घरच्या शिरक्याची एक बाटली.

"हाच," थोंग दारापर्यंत पोचवायला येत म्हणाले. "केसभर फरक नको. फरक झाला तर मला कळतं."

"ते कळलंच," फान म्हणाले.

साडेसातला मेट्रोच्या स्टेशनवर चौघे गार फरशीवर भिंतीला टेकून बसले. यान त्यांना सोडायला आली होती. शहरातली निम्मी म्हातारी माणसं हवा खायला तिथेच चटया टाकून बसली होती, त्यामुळे कुणी वळून पाहिलं नाही. फाननी खिशातून राजवाड्याचा कागदी नकाशा काढला, मागची कोरी बाजू गुडघ्यावर पसरली आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"बोला," ते म्हणाले. "दुकानातला चंबू माझा. पुढे?"

रुनश्यांगने आधी छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "आलुबुखाऱ्याचं सरबत. पाऊण पेला. तुमच्या भल्यासाठीच."

फाननी लिहिलं.

"कोला," पेईलिन म्हणाला. "अर्धा पेला. बर्फ काढून."

फाननी तेही लिहिलं आणि बेरीज पाहिली. त्यांनी बाटलीचा आकार हाताने हवेत काढला, पुन्हा बेरीज पाहिली. "बाटली भरत नाही यात," ते म्हणाले. "दोन बोटं कमी पडतायत."

रुनश्यांग आणि पेईलिनने एकमेकांकडे पाहिलं. दोघांनी माना हलवल्या.

यान छत्रीच्या टोकाने फरशीवर रेघा ओढत होती.

"काका," ती म्हणाली, "मी थोडा सोया सॉस घातला. आणि एका वाटीत डंपलिंग उकडल्याचं पाणी होतं, ते. अंदाजे."

फाननी पेन कागदावरून उचललं. मग त्यांनी सरकून भिंतीशी तिला जागा केली आणि पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

"अंदाजे नको, पोरी," ते म्हणाले. "अठ्ठावीस टेबलं आहेत."