शांतवन मास्तरांना कुणी पाठवलं नाही

शांतवन मास्तर कामाला निघाले की रस्त्यात कुणालाही ओळख देत नाहीत. भोरमध्ये घरापासून एसटी स्टँडपर्यंत जायचं म्हणजे वीस जणांच्या "कुठं निघाला?"ला उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं, तर माणूस आजारी आहे किंवा निवडणूक जिंकलाय, असा समज होतो. मास्तर मात्र मान खाली घालून सुटतात आणि संध्याकाळी परतताना त्याच वीस जणांना थांबवून प्रत्येकाच्या गुडघ्याची चौकशी करतात.

"प्रभूनं शिष्यांना धाडताना सांगितलं, वाटंत रामराम-सलाम करत बसू नका," हे त्यांचं कारण. "येतानाचं काय बोलला न्हाई."

मास्तर माझे शेजारी. मिशनच्या एका दवाखान्यात त्यांनी जन्मभर जखमा बांधल्या. 'मास्तर' म्हणतात ते रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवायचे म्हणून. मी एसटीत कंडक्टर होतो. बत्तीस वर्षं घाट चढून-उतरून झाल्यावर आता घरी निवांत पडावं, असा माझा बेत होता. पण प्रभूनं शिष्यांना दोघादोघांनी धाडलं होतं आणि मास्तरांची बायको वारल्यापासून त्यांच्याकडे दुसरा शिष्य नव्हता. मी मारुतीचा भक्त, शनिवार करणारा, हे मी स्पष्ट सांगून पाहिलं.

"चालंल की, बापू," ते म्हणाले. "दोन पायजेत, एवढंच सांगितलंय."

शिवाय शिष्यानं सोबत झोळी घ्यायची नाही. ती मी घ्यायची, कारण मला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. डबाही न्यायचा नाही, ज्या घरी जाऊ तिथं मिळेल ते खायचं. मला मधुमेह आहे. वेल्ह्याच्या डोंगरात पाहुण्याच्या चहात साखर किती घालतात, हे माझ्या डॉक्टरांना ठाऊक नाही, ते बरंच आहे.

एवढं करून तिथं जायचं कशाला, तर म्हाताऱ्यांचे पाय धुवायला आणि नखं काढायला. हसू नका. पोरं पुण्याला, स्वतःला वाकता येत नाही, आणि भातखाचरात जन्म काढलेल्या पायाचं नख बाजारातल्या नेलकटरला दाद देत नाही. मास्तर नखं काढायची न्हाव्याची नराणी वापरतात. लावणीनंतर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्या धुऊन, पुसून मलम लावतात. उपदेश एका अक्षराचा नाही. मार्गासनीत एका तरुणानं दरडावून विचारलं, "धर्म बदलायला आलाय का?"

"नखं काढायला आलोय, बाबा," मास्तर म्हणाले. "ती सगळ्यांचीच वाढत्यात. तुझी बघू."

त्यानं पाय मागे घेतला.

आता मास्तरांचं दुखणं सांगतो. त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी सेवेला जाणाऱ्यांना पुढं उभं करतात, वडीलधारे त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि त्यांना पाठवतात. आपल्यालाही तसं पाठवावं, एवढीच मास्तरांची इच्छा. चार वर्षं ते अर्ज करत होते. त्या रविवारी डोक्याला तेल लावत नसत, कुणाचे हात तेलकट व्हायला नकोत म्हणून. पहिल्या बाकावर बसत आणि बसूनच परत येत. तरी रडगाणं नाही. "अर्ज पडून हाय, म्हंजे न्हाई तर म्हटलेलं न्हाई," म्हणायचे. "तवर जायला काय हरकत?"

यंदा कमिटीनं नको तेवढी तत्परता दाखवली. लेखी उत्तर आलं: धर्मशिक्षणाची पदवी नाही, वय बहात्तर, सबब पाठवता येत नाही. आणि शब्दन् शब्द मानणारे आमचे मास्तर घरी बसले. मी झोळी घेऊन दारात गेलो, तर म्हणाले, "आता न्हाई म्हटलंय, बापू." मी कमिटीला चार शिव्या घातल्या. त्यांनी मलाच दटावलं.

तीन आठवडे गेले. मग एका दुपारी वेल्ह्याकडच्या पासलीची ठकूआक्का, वय ऐंशीच्या पुढं, एकटी एसटीनं येऊन मास्तरांच्या पायरीवर बसली.

"मास्तर, वाट बगून डोळं दुखाय लागलं. ह्यो अंगठा चपलंत मावंना."

"आक्का, मला आता येता यायचं न्हाई," मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले. "आमच्या लोकांनी पाठवायला न्हाई म्हटलं."

आक्कानं जरा विचार केला. "त्येंची नखं तुमीच काढता का?"

"न्हाई."

"मंग त्येंस्नी काय कळतंय?"

मास्तरांनी घमेलं आणलं. पाणी मी ओतलं. खाली बसून त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि बराच वेळ ते एका-एका नखाशी झगडत राहिले. दुसरा पाय पुसून झाल्यावर आक्का उठायला लागली. धरायला काही नव्हतं, म्हणून तिनं मास्तरांच्या डोक्यावर दोन्ही हात टेकले आणि कण्हत-कुथत उभी राहिली. उभी राहिली तरी तिनं हात काढले नाहीत. पांढऱ्या केसांवरून ते फिरवत म्हणाली, "सोमवारी ये बरं का, लेकरा. गंगू हाय, पल्याडची बायजा हाय, समद्या खोळंबल्यात. जा त्येंच्याकडं. मी सांगितलंय म्हण."

मास्तरांचे डोळे मिटलेले होते आणि तिचा घोटा त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"आता सोडा की पाय," आक्का म्हणाली. "माजी यष्टी जाईल."

त्यांना ते ऐकू गेलं नाही. मीच हळूच तिचा पाय सोडवला, तिला स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. परत आलो, तर मास्तर तसेच जमिनीवर, घमेल्याशेजारी.

"बापू," ते म्हणाले, "सोमवारी पासलीची पैली गाडी कितीला?"

मला वेळ तोंडपाठ होती. ती सांगितली आणि झोळी आणायला घरी गेलो.