डाव्या मूत्रपिंडाची साक्ष

मिरजेच्या शालनवहिनी घोरपड्यांच्या डाव्या मूत्रपिंडाला मंगळवारी संशोधन मंडळाचं पत्र आलं. उजव्याला आलं नाही. वहिनींनी पत्र पाठीमागे धरून आधी त्याला वाचू दिलं, मग स्वतः वाचलं. एरवी दुसऱ्याचं पत्र आधी वाचायला त्यांची ना नसायची, पण सरकारी कागदाची गोष्ट वेगळी.

समोरच्या ब्लॉकमधल्या डॉ. हेमलता मगदूम यांनी अकरा वर्षं खपून एक गोष्ट मांडली होती. मूत्रपिंडाच्या बारीक नसांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटला की नसा सैलावतात, मीठ बाहेर पडतं आणि रक्तदाब उतरतो. प्रयोगासाठी सहा महिने रोज बिटाचा रस प्यायल्या त्या शालनवहिनीच. मंडळाचं विचारणं एवढंच होतं, की हे आत घडताना पाहिलं कुणी? शुक्रवारी साक्षीदार हजर करावा, नाहीतर संशोधन बंद आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या जमा.

"वहिनी, आता सगळं त्याच्यावर आहे," हेमलताबाई म्हणाल्या. "बोलेल ना ते?"

"न बोलायला काय झालं? घोरपड्यांच्या घरातलं आहे. शेजारी काय चाललंय ते सांगितल्याशिवाय आमच्यात कुणाला जेवण जात नाही."

पाहुणे यायचे म्हटलं की वहिनी आदल्या दिवसापासून घर झाडून लख्ख करायच्या. इथं तर तीन माणसांचं मंडळ आत डोकावणार होतं. तेव्हा तीन दिवस त्यांनी मिठाचा कण तोंडात घातला नाही. अळणी आमटी, अळणी भाकरी. हेमलताबाईंना त्यांनी हे सांगितलं नाही. घर आवरल्याचं कुणी सांगत बसतं का?

शुक्रवारी वहिनींना मंडळाकडे पाठ करून स्टुलावर बसवलं. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. अध्यक्ष तेरदाळेसाहेबांनी चष्मा पुसला.

"नाव?"

"डावं." आवाज बारीक, पण स्वच्छ.

"उजव्याशी नातं?"

"शेजार."

"नायट्रिक ऑक्साइडशी ओळख?"

"रोजचं येणंजाणं आहे. नसांना म्हणतं, अंग चोरून काय बसलाय, जरा पाय पसरा. मग जागा होते, मीठ वाटेला लागतं, दाब उतरतो."

"गेल्या तीन दिवसांत असं कितीदा झालं?"

डावं म्हणालं, "तीन दिवस मीठच आलं नाही, साहेब. खोटं कशाला सांगू? नुसतं बसून होतं सगळं."

तेरदाळेसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे दाब मीठ न खाल्ल्यानं उतरला. वायूचा पुरावा नाही. किल्ल्या द्या."

हेमलताबाईंनी वहिनींकडे एकदा पाहिलं. पर्समधून किल्ल्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. त्या आवाजासरशी वहिनी स्टुलावर अर्ध्या वळल्या.

"थांबा की ओ! आवराआवर मी केली, किल्ल्या तिच्या कशाला?"

वहिनी खारातल्या मिरच्यांची बरणी पिशवीत टाकल्याशिवाय गावाबाहेर काय, गल्लीबाहेरही पडत नसत. त्यांनी बरणी उघडली आणि मंडळाच्या देखत सात मिरच्या खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी आलं. पट्ट्यावरचा आकडा एकशे अडतीसवरून एकशे बहात्तरला गेला.

"आलं! मीठ आलं!" डावं ओरडलं. "नसा आवळल्या! लिहून घ्या!"

तेरदाळेसाहेबांनी टोपण काढलं. हेमलताबाईंनी थर्मासमधला बिटाचा रस पुढे केला. वहिनींनी तो एका दमात संपवला.

मंडळ चहा न घेता तीन तास बसून राहिलं. डाव्यानं एकही क्षण सोडला नाही. वायू कुठून आला, कुठल्या नसेनं आधी ऐकलं, कुठली हट्टाला पेटली, सगळं त्यानं नावानिशी सांगितलं. "आणि शेजारचं मघापासून निम्मंच काम करतंय, तेही लिहा."

"धादांत खोटं!" उजवं कडाडलं.

"तुम्हाला पत्र नाही," तेरदाळेसाहेब म्हणाले. "खाली बसा."

आकडा एकशे तीसवर येऊन थांबला. मंडळ उभं राहिलं. संशोधन एकमतानं मंजूर झालं, किल्ल्या परत मिळाल्या, शिवाय शेजारच्या मोठ्या खोलीची किल्लीही मिळाली. हेमलताबाईंनी वहिनींना मिठी मारली, ती बेतानं, पाठ सांभाळून. बाहेर शिपायांनी टाळ्या वाजवल्या.

नियमाप्रमाणे शाल आणि नारळ साक्षीदाराला. तेरदाळेसाहेबांनी शाल वहिनींच्या डाव्या कुशीवर पांघरली आणि नमस्कार केला.

रिक्षात उजवं काही बोलेना. हेमलताबाईंनी दोनदा विचारपूस केली, तरी नाही.

"मानपानाचं दुखणं आहे," वहिनी म्हणाल्या. "कुठल्या लग्नात चुकलंय?" त्यांनी शाल उलगडली, कमरेभोवती पूर्ण वेढा देऊन घट्ट खोचली. दोघांना पुरली, वर पदराएवढी उरली.

नारळ मात्र त्यांनी डाव्या बाजूलाच ठेवला.