मागं चालू हाय

संगणकाच्या डब्यावर पालथा हात ठेवून ताप पाहणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या अंबाजोगाईच्या महाविद्यालयातील संगणक कक्षाचे विश्वनाथअप्पा. डोळे मिटून ते काही क्षण थांबत आणि मग बजावत, “मागं चालू हाय. हात लावू नगा.”

मी तिथेच मुख्य लिपिक. अप्पा सतत भ्यालेले असत आणि भीती कार्यालयात सर्दीसारखी पसरते. यंत्राचे बटण ते हातरुमालाने झाकत. झाडणाऱ्या मावशी जवळ आल्या की दोन्ही हात पसरून वायरींच्या आड उभे राहत. “पडद्यावर दिसतं ते सोंग, साहेब. खरं काम मागं चालतं. ते मेलं तर आवाजसुदिक येत न्हाई.”

कार्यालयात विंडोज, कक्षात लिनक्स. आपण लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची यादी, दोन्हींवर एकच चालली पाहिजे हा त्यांचा हट्ट. “दोगी सुना हायेत. फायलीच्या पत्त्यात एकीला तिरपी रेघ डावीकडं कललेली लागती, दुसरीला उजवीकडं. निरोप मातर एकच पटला पायजे.” एकदा अशाच एका स्क्रिप्टने एकाच मुलीचा बोनाफाईड दाखला सत्तेचाळीस वेळा छापला. प्राचार्य संतापले. अप्पा म्हणाले, “पोरगी लई खरी हाय, सर.”

सभा असो वा शोकसभा, दर तासाला ते उठून कक्षात जात, एक कळ दाबत आणि परत येत. आम्ही हसत असू. का जाता, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारले नाही, ते आज टोचते.

परीक्षा अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस होता. माझे यंत्र अडले म्हणून मी अप्पांच्या जागेवर बसलो. ते प्राचार्यांकडे गेले होते. यंत्र फार मंद चालत होते. पाठीमागे चालू असलेल्या कामांची यादी उघडली, तर तीत ‘अक्का’ नावाचे काहीतरी सापडले. फालतू समजून मी ते बंद केले.

तास भरताच अप्पा आले, पडद्यापाशी वाकले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“अक्का कावून बंद पडली? तुमी काय केलं का, साहेब?”

“नाही,” मी म्हणालो.

मग त्यांनी तुटक तुटक सांगितले. थोरल्या बहिणीला, अक्कांना, लकवा झालेला. वाचा गेली, एक डावा हात तेवढा चाले. दिवसभर ती घरी एकटी, जुन्या विंडोजच्या संगणकासमोर. तासातासाला ती कळ दाबे, इथे खूण उमटे. अप्पा कळ दाबत, तिथे खूण उमटे. सांगता सांगता त्यांनी ‘अक्का’ ही स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली. पण दुवा एकदा तुटला की घरच्या यंत्रावरही ती नव्याने चालू करावी लागे. ते करून देणाऱ्या शेजारणीचा फोन लागेना. अक्का कळ दाबत असतील की खुर्चीतून पडल्या असतील, हे कळण्याची वाटच उरली नव्हती.

अप्पांना मागे बसवून स्कूटर मी चालवली. मागून ते पुटपुटत होते, “माज्याच लिहिण्यात खोट राहिली. असं आपोआप बंद पडत असंल, तर तिला सोडून भाईर पडायचं कसं?” दारामागे काय दिसेल, या धास्तीने तो रस्ता संपूच नये असे वाटत होते.

अप्पांनी दार लोटले. अक्का खुर्चीतच होत्या. डाव्या हाताने एकच कळ पुन्हा पुन्हा दाबत होत्या, कारण भावाची खूण आली नव्हती. अप्पांना पाहताच त्यांनी त्याच हाताने त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली, दुसरी मारली, आणि मग त्यांचा सदरा मुठीत घट्ट धरून ठेवला.

“माजंच चुकलं, अक्का. उद्यापासनं कामावर जातच न्हाई मी.”

आता गप्प राहणे मला शक्य नव्हते. “अप्पा, स्क्रिप्ट आपोआप बंद पडली नाही. मी बंद केली. वर तुमच्याशी खोटेही बोललो.”

मी शिवीची वाट पाहत उभा राहिलो. अप्पा माझ्याकडे वळले.

“खरं सांगायलाव का?”

“खरं.”

“मंजी स्क्रिप्ट बरुबर हाय?”

“अगदी बरोबर आहे.”

अप्पा अक्कांपाशी फरशीवर बसले. मग बहिणीच्या गुडघ्यावर थोपटत, सणाची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाले, “आयकलं का, अक्का? ह्यांनी बंद केलती! मानसानं बंद केलती. आपोआप न्हाई.”