पायजम्याचं शेत

"गवत तर आहे, मामा! त्यात काय एवढं? खत टाकायचं, पाणी सोडायचं, वाढतं ते आपोआप!"

जावईबापूंनी ही मुक्ताफळं उधळली तेव्हा त्यांचे सासरे, म्हणजे मामा, थोरल्या मुलीकडे पंधरा दिवस राहायला निघाले होते. तीस वर्षांतली पहिली सुट्टी! मामांचा धंदा विकायच्या हिरवळीचा. गवत दाट वाढवायचं, मुळं आणि मातीच्या पातळ थरासकट यंत्रानं कापायचं, सतरंजीसारखं गुंडाळायचं आणि ज्याला अंगण हिरवं करायचंय त्याच्या दारात नेऊन टाकायचं. जावईबापू वर्षापूर्वीपर्यंत चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांशी बसत. मामांनी त्यांना इथं आणलं आणि आता शेडची किल्ली हातात ठेवली होती. महिनाअखेरीला फुटबॉलच्या मैदानाचे मुख्य माळी चारशे गुंडाळ्या न्यायला येणार होते. त्यांना माल आवडला तर किल्ली कायमची जावईबापूंची. नाही आवडला, तर पुन्हा चपला!

"युरिया एकदाच, आणि बेतानं," मामांनी बजावलं. "टाकला की फळ्यावर खडूनं रेघ मारायची. रेघ दिसली की दुसऱ्या कुणी गोणीला हात लावायचा नाही."

खताची ढकलगाडी पुढं ढकलली की तिच्यातून दाणे पंख्यासारखे उडतात, मधे जास्त आणि कडेला कमी. म्हणून परतताना आधीच्या फेरीत थोडं घुसून चालावं लागतं. मामांनी हे सांगितलं तेव्हा जावईबापू आपल्या नव्या गमबुटांकडे कौतुकानं बघत होते. मामांना जे काम करायला दिवस लागायचा ते त्यांनी जेवणाआधी उरकलं आणि फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐटीत रेघ ओढली.

दहा दिवसांनी ते शेत बघायला गेले. एक पट्टा हिरवागार, एक पिवळट, एक हिरवागार, एक पिवळट! कुणीतरी राक्षसानं आपला पायजमा शेतावर वाळत घातला असावा, असं दिसत होतं.

"अहो, शेतात पट्टे दिसतायत का हो?" बायकोनं विचारलं.

"कुठले पट्टे? ऊन तिरपं पडलंय!"

"ढगाळ आहे की आज."

"मग ढग तिरपे आहेत!"

दुसऱ्या दिवशी घर जागं व्हायच्या आत जावईबापूंनी पिवळ्या पट्ट्यांवर गुपचूप युरिया टाकला. फळ्यावर दुसरी रेघ मारायची मात्र हिंमत झाली नाही. मामांना कळलं असतं ना!

मग घरात चमत्कारिक गोष्टी घडू लागल्या. बायकोच्या चपलांना पांढरे दाणे चिकटलेले दिसले. "मीठ सांडलं," ती म्हणाली. मामा परत आले आणि दुसऱ्याच सकाळी चहाआधी भिजलेले बूट घेऊन घरात शिरले. "फिरायला गेलो होतो," म्हणाले. गोणी दिवसेंदिवस रोडावत गेली, आणि एके दिवशी सासूबाई ती रिकामी गोणी झटकून घडी घालताना दिसल्या. सासूबाईंना काही वाया गेलेलं खपत नसे, गोणीसुद्धा! जावईबापूंनी त्याचा फारसा विचार केला नाही. कारण पायजमा उलटा झाला होता!

पिवळे पट्टे आता काळेभोर हिरवे झाले होते आणि असे माजले होते की गवत छाटायचं यंत्र फिरवून वळेपर्यंत मागचं गवत पुन्हा उभं! पहिले हिरवे पट्टे त्यांच्या शेजारी आजारी वाटू लागले. तरी जावईबापू खूश होते. रोज त्या काळ्याभोर गवतावरून मायेनं हात फिरवत होते.

माळीबुवा आले. माणूस बारीक, बोलणं त्याहून बारीक. जावईबापूंनी त्यांना थेट काळ्याभोर पट्ट्यावर नेलं, एक गुंडाळी कापून दिली. माळीबुवांनी ती उलगडली, एका टोकाला धरली आणि उचलली.

तीन तुकडे! त्यातला एक मामांच्या बुटावर.

"वर जंगल, खाली नुसती माती," माळीबुवा म्हणाले. "इतकं आयतं मिळाल्यावर मुळं कशाला खाली जातील? किती वेळा खत घातलंय?"

जावईबापूंच्या डोळ्यांपुढं चपलांचे खोके नाचू लागले. आठ नंबर, नऊ नंबर, दहा नंबर...

"तो फिकट पट्टा दाखवा."

"तो नको हो! तो बिचारा..."

"दाखवा."

फिकट पट्ट्याची गुंडाळी माळीबुवांनी उचलली. तुटली नाही! हिसडली. तुटली नाही! मामांनी दुसरं टोक धरलं आणि दोघांनी रस्सीखेच केली. माती हलली नाही, मामा हलले!

"याला खत किती?"

"एकदाच," जावईबापू पुटपुटले. "बेतानं."

"काळे पट्टे सोडून फिकट पट्टे काढू. चारशे निघतील?"

"साडेचारशे!" मामा ओरडले.

माळीबुवांची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा जावईबापूंना नाचावंसं वाटत होतं. पण मामा सगळ्यांना घेऊन फळ्यापुढं उभे राहिले. फळ्यावर ती एकच ऐटबाज रेघ.

"जावईबापू, हिच्यानंतर तुम्ही पुन्हा युरिया टाकलात?"

"एकदाच, मामा. चुकलंच माझं."

"मी पण टाकला," बायको हळूच म्हणाली. "म्हटलं, यांचं हसं नको."

मामांनी घसा खाकरला, छताकडे पाहिलं. "मी पण," ते म्हणाले. "म्हटलं, पोरगा हिरमुसायचा."

जावईबापूंना एकदम भरून आलं. इतक्या प्रेमानं कुणाचंही गवत मेलं असतं! मामांनी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली, मूठ मिटवली आणि खडू घेऊन तीन रेघा मारल्या. "ज्यानं चोरून खत घातलं, त्यानं ते माजलेलं गवत हातानं कापायचं. पट्टे तिघांत वाटून घेऊ."

मागून बशीचा आवाज आला. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"चौघांत वाटा," त्या म्हणाल्या. "गोणीच्या तळाला थोडं उरलं होतं. म्हटलं, वाया कशाला घालवायचं?"